निकाल तसा पैसा

वाचता आलं तर दोन शिलिंग आठ पेन्स. लिहिता आलं तर दोन शिलिंग आठ पेन्स. गणितं सुटली तर आणखी दोन शिलिंग आठ पेन्स. 1862 साली इंग्लंडच्या सरकारने गरिबांच्या शाळांसाठी ठरवलेला हा दर. तिन्ही विषय जमले की मुलामागे वर्षाला आठ शिलिंग, आणि सरासरी हजेरीपोटी चार शिलिंग वेगळे. एका विषयात मूल अडलं की त्या विषयाचे पैसे शाळेच्या अनुदानातून वजा. सहा वर्षांखालच्या पोरांना परीक्षा नव्हती, त्यांचे साडेसहा शिलिंग नुसत्या हजेरीवर मिळत.

शाळेचं अनुदान परीक्षेच्या निकालाला बांधण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयोग म्हणून याकडे पाहतात. ‘सुधारित संहिता’ असं त्याचं नाव. ही कल्पना तेव्हापासून मेली नाही. ती मुंबई इलाख्यात आली, चाळीसेक वर्षं राहिली, गेली. मग एकविसाव्या शतकात अमेरिकेत नव्या पोशाखात अवतरली. आज आपल्याकडे ‘निर्देशांक’, ‘मानांकन’, ‘निष्पत्ती’ अशा शब्दांतून ती पुन्हा दारात उभी आहे. म्हणून तिची जुनी हकिगत नीट सांगायला हवी.

इंग्लंडमध्ये 1870 पर्यंत सरकारच्या स्वतःच्या शाळा नव्हत्याच. चर्चशी बांधलेल्या संस्था शाळा चालवत आणि 1833 पासून सरकार त्यांना मदत देई. सुरुवातीला वर्षाला अवघे वीस हजार पौंड. हा आकडा वाढत वाढत 1860 च्या सुमारास आठ लाखांवर गेला. क्रिमियन युद्धाने तिजोरीला भोक पडलेलंच होतं. त्यात 1858 साली नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने तीन वर्षांनी अहवाल दिला, की शिक्षक वरच्या वर्गातल्या मोठ्या मुलांवर मेहनत घेतात आणि बहुसंख्य लहान मुलं साधं वाचन-लेखनही नीट न शिकता शाळा सोडतात. तक्रार खोटी नव्हती. उपाय शोधला तो शिक्षण खात्याचे राजकीय प्रमुख रॉबर्ट लो यांनी. लो हे बाजाराच्या तत्त्वावर गाढ श्रद्धा असलेले गृहस्थ. संसदेत त्यांनी सांगितलं, की ही व्यवस्था स्वस्त झाली नाही तर कार्यक्षम होईल, आणि कार्यक्षम झाली नाही तर स्वस्त तरी होईल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी सरकारचा फायदाच, असा हा हिशेब.

त्यातला दुसरा भाग तर तंतोतंत खरा ठरला. 1865 पर्यंत अनुदानाची रक्कम साडेसहा लाख पौंडांच्या खाली आली.

परीक्षेसाठी सहा पायऱ्या आखलेल्या होत्या. पहिल्या पायरीच्या मुलाने एकाक्षरी शब्दांची छोटी गोष्ट वाचायची, पाटीवर अक्षरं काढायची, दहापर्यंतची तोंडी बेरीज-वजाबाकी करायची. सहाव्या पायरीवर वर्तमानपत्रातला उतारा वाचता यायला हवा आणि दुकानातल्या मालाचं बिल मांडता यायला हवं. मूल दोनशेहून अधिक वेळा हजर राहिलेलं असलं तरच ते परीक्षेला बसणार. आणि एका पायरीवर मूल एकदाच बसवता येणार. नापास झालं तरी पुढच्या वर्षी वरच्या पायरीवरच. निरीक्षक वर्षातून एकदा येणार, एकेका मुलाची परीक्षा घेणार, आणि तक्ता भरून जाणार. पूर्वी हाच निरीक्षक मास्तरांशी बसून बोलत असे, अडचणी विचारत असे, दुसऱ्या शाळेत पाहिलेली एखादी चांगली गोष्ट सांगत असे. आता तो वसुली कारकून झाला.

मास्तरांनी काय केलं? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेतलं. निरीक्षकांच्या आठवणींत असे किस्से सापडतात, की पोरगं खडाखडा वाचतंय आणि हातातलं पुस्तक उलटं आहे. आजारी मुलांना परीक्षेच्या दिवशी उचलून आणलं जाई, कारण गैरहजर मूल म्हणजे बुडालेले शिलिंग. इतिहास, भूगोल, चित्रकला यांना दर नव्हता, त्यामुळे त्यांना वेळही उरला नाही. शिकाऊ शिक्षकांची संख्या घटली. ज्या कामात पगार दुसऱ्याच्या पाठांतरावर ठरतो त्या कामाकडे तरुण वळणार कशाला? खेड्यातल्या शाळांचे हाल आणखी वाईट. सुगीच्या दिवसांत पोरं शेतात जात, हजेरी दोनशेवर पोचत नसे, आणि मग ती पोरं हिशेबातूनच बाद. ज्या शाळेला पैशाची गरज सर्वांत जास्त, तिला सर्वांत कमी पैसा, हा या व्यवस्थेचा स्वभावच होता. तो काही चुकून शिरलेला दोष नव्हता. गरीब मुलाला शिकवायला जास्त खर्च येतो आणि त्याचा निकाल कमी लागतो, एवढं मान्य केलं की पुढचं गणित आपोआप सुटतं.

याविरुद्ध सर्वांत ठामपणे बोलला तो खात्यातलाच माणूस. कवी आणि समीक्षक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते मॅथ्यू अर्नोल्ड पस्तीस वर्षं शाळा निरीक्षक होते. सुधारित संहिता येताच त्यांनी स्वतःच्या वरिष्ठांविरुद्ध लेख लिहिला. 1867 च्या अहवालात त्यांनी नोंदवलं, की थोड्या युक्तीने मुलांना वाचन, लेखन आणि गणित या तिन्हीत पास करून घेता येतं, ती खरोखर न येताही. निकाल वाढतो आणि शिक्षण घटतं, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे सरकारी अहवालात इतक्या स्वच्छपणे त्याआधी कुणी लिहिलं असेल असं वाटत नाही.

इंग्लंडला हे उमजायला तीसेक वर्षं लागली. 1890 पासून दर सैल झाले आणि 1897 पर्यंत ही पद्धत संपली. तोवर ती आपल्याकडे चांगली रुजली होती.

1854 च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात खासगी शाळांना अनुदान देण्याचं धोरण आणलं. ते वाटायचं कसं, हे प्रत्येक इलाख्याने आपापलं ठरवलं. मुंबई इलाख्याने 1860 च्या दशकात, अलेक्झांडर ग्रँट शिक्षण खात्याचे संचालक असताना, निकालाप्रमाणे अनुदान हा मार्ग धरला. इयत्तेनुसार आणि विषयानुसार दर ठरले, इन्स्पेक्टर आले, तक्ते भरले गेले. पैसा कुठून येत होता तेही पाहण्यासारखं आहे. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. म्हणजे कर कुणब्याने भरायचा. त्याच्या पोराला मात्र शाळेत जायला सवड नाही, आणि गेलं तरी परीक्षेत त्याचा निकाल शहरातल्या पांढरपेशा मुलाइतका लागणार नाही.

1882 साली लॉर्ड रिपनने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. काशिनाथ त्रिंबक तेलंग त्याचे सभासद होते. याच आयोगापुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि जुना गंज पेठेचे म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी बहुतेकांना ठाऊक असते. शिक्षकांच्या पगाराबद्दल ते काय म्हणाले, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रशिक्षित शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत. आणि जे खेड्यातले मास्तर जास्त मुलं पास करून दाखवतील त्यांना पगाराव्यतिरिक्त काही खास भत्ता द्यावा.

हा शेवटचा मुद्दा काळजीपूर्वक वाचावा. निकालाला बक्षीस द्यायला फुल्यांचा विरोध नव्हता. पण आधी पोटापुरता पगार पक्का, आणि बक्षीस त्याच्या वर. लो यांच्या व्यवस्थेत पायाच निकालाचा होता. निकाल घसरला की शाळा घसरली. फुल्यांच्या मांडणीत निकाल कमी लागला तर भत्ता जातो, शाळा जात नाही. धोरण आखणाऱ्यांनी या दोहोंतला फरक त्या वेळी ओळखला असता तर बरंच काही वाचलं असतं.

आयोगाने काय शिफारस केली? प्राथमिक शाळांचं अनुदान बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरवावं. मागास भागांतल्या किंवा विशेष परिस्थितीतल्या शाळांना हवी तर सवलत द्यावी. कॉलेजांना मात्र ही पद्धत लावू नये. त्यांचं अनुदान प्राध्यापकवर्ग, खर्च आणि गरज पाहून ठरवावं. कॉलेजातलं शिक्षण निकालाच्या फुटपट्टीने मोजण्याजोगं नाही, हे त्या विद्वानांना सहज पटलं. सहा वर्षांच्या पोराबद्दल तेच लागू पडतं, हे पटलं नाही. मला या अहवालातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

शेवटी हा गाडा थांबवला तो लॉर्ड कर्झनने. ज्यांच्याबद्दल मराठी माणसाला चांगलं बोलण्याची सवय नाही, त्यांच्या नावावर ही एक गोष्ट जमा करायला हवी. मार्च 1904 च्या शिक्षणविषयक ठरावात सरकारनेच लिहिलं, की परीक्षांचं प्रस्थ भलतंच वाढलं असून त्यांनी सगळ्या शिक्षणव्यवस्थेवर कब्जा केला आहे. त्यानंतर निकालाप्रमाणे अनुदान ही पद्धत मागे पडली आणि इमारत, शिक्षक, खर्च अशा गोष्टी पाहून पैसे देण्याकडे कल गेला. पद्धत गेली तरी सवय मात्र मागे राहिली. शाळा म्हणजे निकाल, हे समीकरण आपल्याकडे ज्या काळात घट्ट बसलं तो हाच काळ.

यानंतर शंभर वर्षांनी अमेरिका त्याच वाटेने गेली, जरा वेगळ्या हेतूने. तिथल्या सरकारी शाळांचा पैसा मुख्यतः राज्य आणि स्थानिक करांतून येतो. स्थानिक वाट्यात मोठा भाग घरपट्टीसारख्या मालमत्ता कराचा. त्यामुळे महागड्या घरांच्या वस्तीतली शाळा श्रीमंत, मोडक्या वस्तीतली गरीब. यावर टेक्सासमधले पालक सर्वोच्च न्यायालयात गेले, पण 1973 साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची मागणी फेटाळली. केंद्र सरकारचा वाटा जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास. 1965 साली अध्यक्ष जॉन्सन यांनी गरीब मुलांच्या शाळांसाठी म्हणून तो सुरू केला होता. 8 जानेवारी 2002 रोजी अध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या कायद्याने हा वाटा परीक्षांना जोडला. ‘एकही मूल मागे राहू नये’ असं त्या कायद्याचं नाव. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, पुढे हायस्कुलात एकदा. आणि 2014 पर्यंत देशातलं शंभर टक्के मूल प्रवीण.

शंभर टक्के! कायद्याने पाऊस पाडण्याइतकीच ही गोष्ट शक्य होती. दरवर्षीचं उद्दिष्ट सलग हुकलं की शाळेवर पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई: आधी पालकांना मूल दुसऱ्या शाळेत नेण्याची मुभा, मग जादा शिकवणीचा खर्च, पुढे कर्मचारी बदलणं, शेवटी शाळेची पुनर्रचना. 2011 पर्यंत देशातल्या जवळपास निम्म्या शाळा ‘नापास’ ठरल्या. निकष इतका सगळ्यांनाच लागू झाला की त्यातून काही कळेनासं झालं, आणि सरकारला राज्याराज्यांना सवलती द्याव्या लागल्या.

वर्गात काय झालं, ते आपल्या मास्तरांना समजावून सांगायला नको. टेक्सासमधल्या एका शाळेच्या 2005 सालच्या अभ्यासात दिसलं, की शिक्षकांनी मुलांचे तीन गट पाडले होते. हमखास पास होणारी, कधीच न होणारी, आणि काठावरची. सगळी मेहनत काठावरच्यांवर, कारण आकडा तेवढ्यानेच हलतो. 2007 च्या एका देशव्यापी पाहणीत 62 टक्के जिल्ह्यांनी वाचन आणि गणिताच्या तासिका वाढवल्याचं सांगितलं; 44 टक्के जिल्ह्यांनी त्यासाठी विज्ञान, समाजशास्त्र, कला किंवा मधल्या सुट्टीची वेळ कापली होती. आणि अटलांटात जे झालं ते तर उघड फसवणूक होतं. उत्तरपत्रिकांवर चुकीची उत्तरं खोडून बरोबर लिहिली जात होती. 2011 च्या राज्य चौकशीत 44 शाळांमधल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली, आणि 2015 मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. शिक्षकांनी पोरांचे पेपर सोडवले, यात हसण्यासारखं काही नाही. त्या पोरांना कच्चेपणामुळे जी जादा मदत मिळायची तीही त्यामुळे गेली.

तरी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. या कायद्याने शाळांना कृष्णवर्णीय, लॅटिनो, अपंग, गरीब अशा प्रत्येक गटाचे निकाल वेगवेगळे जाहीर करायला लावले. सरासरीच्या पडद्याआड लपलेली मुलं पहिल्यांदा दिसली. चौथीच्या गणितात, विशेषतः गरीब मुलांच्या, सुधारणा झाल्याचं काटेकोर अभ्यासांत आढळलं. वाचनात मात्र तशी सुधारणा सापडली नाही. डिसेंबर 2015 मध्ये ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली. परीक्षा राहिल्या, वेगवेगळे निकालही राहिले, केंद्राची बरीचशी छडी गेली.

म्हणजे मोजणं हा गुन्हा नाही. गुन्हा होतो तो मापावर किंमत लावल्यावर. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात हे नियमाच्या रूपात मांडलं: एखाद्या आकड्यावर निर्णय जितके अवलंबून, तितका तो आकडा भ्रष्ट होतो, आणि ज्या गोष्टीचं तो माप आहे ती गोष्टही बिघडवतो. महाराष्ट्राने याचा पुरावा स्वतःच तयार केलेला आहे, फक्त तो निकालाचा नाही, पटाचा आहे. आपल्याकडे शिक्षकांची पदं आणि अनुदान पटावर ठरतं. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात तिचा प्रयोग झाला होता. बोटाला शाई लावून मुलं मोजली, तेव्हा लाखोंच्या संख्येने मुलं फक्त कागदावर असल्याचं निघालं. पटाला पैसा होता, म्हणून पट फुगला. निकालाला पैसा लावला तर निकाल फुगेल, हे समजायला लंडन-अटलांटाला जायची गरज नाही.

आणि निकालाला पैसा लावायची तयारी चालू आहे, ती मागच्या दाराने. केंद्र सरकार राज्यांच्या शिक्षणाला गुण देऊन श्रेणी लावतं. त्या गुणांतला एक भाग राष्ट्रीय पातळीवरच्या संपादणूक सर्वेक्षणातून येतो. जागतिक बँकेने 2020 साली मंजूर केलेला ‘स्टार्स’ प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत राबवला गेला. ठरलेले टप्पे गाठले की पैसा सुटतो, अशी त्याची रचना. इथे निकालाचा दोर राज्याच्या गळ्यात आहे, शाळेच्या नाही; म्हणून लो यांच्या व्यवस्थेपेक्षा तो सौम्य. पण दोर वरून खाली येताना आखडत जातो. मंत्रालयाला श्रेणी हवी म्हणून जिल्ह्याला पत्र, जिल्ह्याकडून गटशिक्षणाधिकाऱ्याला, तिथून केंद्रप्रमुखाला, आणि शेवटी दोन शिक्षकी वस्तीशाळेत सर्वेक्षणाच्या आधी महिनाभर सराव प्रश्नपत्रिकांचा रतीब. ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यातली पोरं आईबापांबरोबर फडावर गेलेली असतात. त्या शाळेचा आकडा आणि पुण्यातल्या कॉलनीतल्या शाळेचा आकडा एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापला जातो. 1862 च्या इंग्लंडमधल्या सुगीची पोरं आठवावीत.

मग मुलांना काय येतं ते कळायचं कसं? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून आहे: शितावरून भाताची परीक्षा. भांड्यातलं प्रत्येक शीत चेपून पाहत नाहीत. ‘असर’ची पाहणी 2005 पासून हेच करते. स्वयंसेवक गावात जातात, मुलांना शाळेत नव्हे, घरोघरी भेटतात, दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. कोणत्या गावात जाणार हे शाळेला आधी ठाऊक नसतं, निकालावर कुणाचा पगार अडत नाही, म्हणून कुणाला लबाडी करण्याचं कारणही नसतं. पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे कटू सत्य देशापुढे आलं ते अशा बिनबक्षिसाच्या परीक्षेमुळे. अमेरिकेतही 1969 पासून अशीच एक नमुना पाहणी चालते, आणि तिथले अभ्यासक शाळांनी जाहीर केलेल्या निकालांपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवतात.

पैशाचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही, आणि तो वेगळाच ठेवायला हवा. ‘समग्र शिक्षा’ योजनेत तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये संयुक्त अनुदान मिळतं. त्यात खडू, दुरुस्ती, स्वच्छतागृह, वीजबिल सगळं. या शाळेचा निकाल वाढवायचा असेल तर आधी तिचं वीजबिल भरायला हवं. निकाल आल्यावर भरू म्हणणं म्हणजे लो साहेबांचं भूत अजून खात्यात बसलेलं आहे.

वाचकांना, विशेषतः शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या पालकांना, एक विनंती. निकालानंतर चौकात ‘दहावी शंभर टक्के निकाल’ असा फलक लागतो. तो पाहिलात की शाळेत जाऊन तीन आकडे मागा: दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुलं होती, नववीत किती नापास झाली, आणि 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला किती जणांना सांगितलं. हे आकडे द्यायला जी शाळा कचरत नाही, तिच्या शंभर टक्क्यांवर विश्वास ठेवा.